एलेफ्तेरिया प्सिलाकिस

एलेफ्तेरिया प्सिलाकिस ह्या ग्रीसमधील पर्यावरण व वैश्लेषिक रसायनशास्त्रज्ञ असून क्रीट बेटावरील हानिया येथील क्रीट तंत्रविज्ञान विद्यापीठात जलरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. विश्लेषणासाठी नमुना सिद्ध करण्याच्या पर्यावरणस्नेही पद्धती हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होय. निर्वात-साहाय्यित शीर्षावकाश सूक्ष्म-निष्कर्षण ही पद्धती सैद्धांतिक पायावर उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिले जाते. हरित नमुना-सिद्धतेची दहा तत्त्वे (२०२२) मांडणाऱ्या सहा शास्त्रज्ञांपैकी त्या एक असून, विश्लेषणपद्धती किती हरित आहे हे मोजण्याच्या 'ॲग्रीप्रेप' या मापनसाधनाच्याही त्या सहनिर्मात्या आहेत. युरोपीय रसायन संस्थेच्या वैश्लेषिक रसायनशास्त्र विभागाच्या आधाराने चालणाऱ्या नमुना-सिद्धता अभ्यासगटाचे नेतृत्व त्यांनी केले आहे.

ग्रीक भाषेत 'एलेफ्तेरिया' या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य असा होतो. '-आकिस' हा प्रत्यय असलेली आडनावे विशेषतः क्रीट बेटाची ओळख मानली जातात.

पार्श्वभूमी

पाण्यात कीटकनाशक किती, मातीत तेलाचे अवशेष किती, खाद्यतेलात अपायकारक द्रव्य आहे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे वैश्लेषिक रसायनशास्त्र देते. प्रदूषणाविरुद्धचा कोणताही कायदा अखेर प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यावर उभा असतो. मात्र हा आकडा मिळवताना प्रयोगशाळा स्वतःच प्रदूषण करते, ही गोष्ट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

त्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एका प्रमाणित पद्धतीत सापडते. पाण्यातील अर्ध-बाष्पनशील सेंद्रिय प्रदूषके मोजण्यासाठी एक लीटर पाणी तळाशी तोटी असलेल्या नरसाळ्यात घ्यावयाचे, त्यात ६० मिलिलीटर डायक्लोरोमिथेन घालून हलवायचे, खाली बसलेला थर काढून घ्यावयाचा आणि ही क्रिया एकूण तीन वेळा करावयाची, असे ती पद्धत सांगते. याप्रमाणे १८० मिलिलीटर विद्रावक वापरून झाल्यावर तो जवळजवळ सर्व उडवून टाकतात व उरलेल्या सुमारे एक मिलिलीटरमध्ये साठलेली प्रदूषके वर्णलेखन यंत्रात सोडतात. डायक्लोरोमिथेन हे माणसात कर्करोग घडवण्याची बरीच शक्यता असलेल्या द्रव्यांत गणले जाते. म्हणजे पाण्यातील काही मायक्रोग्रॅम विष शोधण्यासाठी दुसऱ्या विषाचा पेलाभर वापर होतो. माती किंवा गाळ यांसारख्या घन नमुन्यांसाठी वापरले जाणारे सॉक्सलेट उपकरण तर १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी तयार झालेले आहे. त्यावर आधारलेल्या प्रमाणित पद्धतीत दहा ग्रॅम नमुन्यासाठी सुमारे ३०० मिलिलीटर विद्रावक सोळा ते चोवीस तास उकळत ठेवावा लागतो.

नमुना यंत्रात जाण्यापूर्वी त्यावर होणाऱ्या या सर्व संस्कारांना नमुना-सिद्धता म्हणतात. मोजमाप करणारी यंत्रे विसाव्या शतकात झपाट्याने सुधारली. नमुना-सिद्धता मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच वळणाची राहिली. प्सिलाकिस यांचे बहुतेक कार्य या मागे राहिलेल्या टप्प्यावर आहे.

१९९८ मध्ये पॉल ॲनास्टस व जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांचा भर मुख्यतः रासायनिक पदार्थांच्या निर्मितीवर होता. विश्लेषणाच्या गरजांना अनुरूप अशी वेगळी बारा तत्त्वे आग्नेश्का गाउश्का, झ्जिस्वाफ मिगाशेव्स्की व यात्सेक नामियेश्निक या पोलिश शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दिली. त्यांतील पहिलेच तत्त्व असे की, शक्यतो नमुन्यावर कोणतीही प्रक्रिया न करता थेट मोजमाप करावे. या तत्त्वाशी प्सिलाकिस यांचे मत पूर्णपणे जुळत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रारंभीचे संशोधन

प्सिलाकिस यांचे पहिले संशोधन पर्यावरणाशी संबंधित नव्हते. १९९०च्या दशकात इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात जॉन मॅक्लेव्हर्टी व मायकेल वॉर्ड यांच्या गटात त्यांनी चांदी, थॅलियम, शिसे, बेरियम आदी धातूंच्या जटिल संयुगांच्या रचनेवर काम केले. क्रीटमध्ये आल्यावर त्यांचा मोहरा पाण्याकडे वळला.

थेंबातील प्रयोगशाळा

क्रीट तंत्रविज्ञान विद्यापीठात निकोस कालोगेराकिस यांच्यासह त्यांनी २००१ पासून एक-थेंब सूक्ष्म-निष्कर्षणावर निबंध प्रसिद्ध केले. ही कल्पना १९९६ च्या सुमारास इतरत्र पुढे आली होती. सूक्ष्म पिचकारीच्या सुईच्या टोकाला विद्रावकाचा एक थेंब लोंबता ठेवायचा व तो ढवळत्या पाण्यात बुडवायचा. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषके थेंबात शिरू लागतात. काही मिनिटांनी तोच थेंब पिचकारीत परत ओढून घेऊन थेट वर्णलेखन यंत्रात सोडायचा. थेंबाचे आकारमान सुमारे एक मायक्रोलीटर असते. वर उल्लेखिलेल्या १८० मिलिलीटरशी तुलना केली, तर विद्रावकाचे प्रमाण एक लाख ऐंशी हजार पटींनी कमी होते. नमुन्याचे पाणीही अर्थातच कमी घेतले जाते, त्यामुळे ही तुलना काटेकोर समजू नये. परंतु फरकाची जात तीवरून ध्यानात येते.

प्सिलाकिस व कालोगेराकिस यांनी ही पद्धत पाण्यातील नायट्रोॲरोमॅटिक स्फोटकांच्या अवशेषांसाठी वापरली आणि लगेचच तिची तंतूवर आधारलेल्या दुसऱ्या एका सूक्ष्म-पद्धतीशी तुलना केली. टीएनटीसारखी ही द्रव्ये दारूगोळ्याचे कारखाने व लष्करी सरावक्षेत्रे यांच्या परिसरातील भूजलात उतरतात. थेंबाची अडचण अशी की तो नाजूक असतो; पाणी जोराने ढवळले किंवा त्यात कण असले की तो सुईवरून सुटतो. म्हणून २००३ मध्ये त्यांनी पोकळ सच्छिद्र तंतूच्या आत विद्रावक धरून ठेवण्याची रीत थॅलेट एस्टरांसाठी योजली. थॅलेट ही प्लास्टिकला लवचीकपणा देणारी द्रव्ये होत. एक-थेंब पद्धती (२००२) व द्रव-अवस्था सूक्ष्म-निष्कर्षण (२००३) यांचा आढावा घेणारे त्यांचे दोन लेख या विषयात नव्याने शिरणाऱ्यांसाठी दीर्घकाळ उपयोगी पडले.

२०१० मध्ये त्यांच्या गटाने भोवरा-साहाय्यित द्रव-द्रव सूक्ष्म-निष्कर्षण ही पद्धती सादर केली. परीक्षानळीच्या बुडाला वेगाने गरगरवून आतील द्रवात भोवरा निर्माण करणारे साधे यंत्र जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असते. त्याच्या साह्याने सुमारे ५० मायक्रोलीटर ऑक्टॅनॉल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने विखुरले जाते. थेंब बारीक झाल्याने पृष्ठभाग वाढतो व प्रदूषके लवकर शोषली जातात. नंतर अपकेंद्री यंत्राने थर वेगळे करतात. त्या काळी लोकप्रिय असलेल्या अशाच एका पद्धतीत क्लोरीनयुक्त विद्रावक आणि त्याला विखुरण्यासाठी आणखी एक विद्रावक लागत असे. येथे त्या दुसऱ्या विद्रावकाचे काम ढवळण्याच्या जोराने केले. ऑक्टिलफेनॉल, नॉनिलफेनॉल व बिस्फेनॉल-ए या संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणाऱ्या द्रव्यांसाठी ही पद्धती प्रथम वापरली गेली.

निर्वाताचा उपयोग

प्सिलाकिस यांचे नाव ज्या कार्याशी सर्वाधिक निगडित आहे ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते समजण्यासाठी घनावस्था सूक्ष्म-निष्कर्षणाची थोडी ओळख आवश्यक आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात यानुश पाव्हलिशिन व कॅथरीन आर्थर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत विद्रावक मुळीच लागत नाही. केसासारख्या बारीक तंतूवर शोषक बहुवारिकाचा पातळ लेप असतो. हा तंतू नमुन्यात किंवा नमुन्याच्या वरील हवेत धरला की लेपात प्रदूषके गोळा होतात. तंतू यंत्रात तापवला की ती सुटून निघतात.

बरणीत लोणचे गळ्यापर्यंत भरले नाही तर झाकणाखाली जो रिकामा भाग राहतो, त्याला रसायनशास्त्रात शीर्षावकाश म्हणतात. लोणच्याचा वास झाकण उघडताच येतो तो तेथे साठलेल्या बाष्पामुळे. तंतू नमुन्यात न बुडवता शीर्षावकाशात ठेवल्यास गढूळ पाणी, चिखल, तेल यांच्यापासून तो सुरक्षित राहतो. परंतु जी द्रव्ये सहज उडत नाहीत ती शीर्षावकाशात फार सावकाश येतात. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे नमुना तापवणे. त्याने बाष्पीभवन वाढते हे खरे. पण शोषण ही उष्णता बाहेर टाकणारी क्रिया असल्यामुळे तापलेल्या तंतूची धारणशक्ती घटते. शिवाय उष्णतेने खाद्यपदार्थांसारख्या नमुन्यांत नवीनच द्रव्ये निर्माण होण्याचा धोका असतो, आणि मग यंत्र जे दाखवते ते मूळ नमुन्यातलेच आहे याची खात्री देता येत नाही.

कुपीतील हवा आधीच काढून टाकली तर काय होईल, हा प्रश्न प्सिलाकिस यांच्या गटाने हाती घेतला. कमी दाबाखाली निष्कर्षण वाढते असे निरीक्षण त्यापूर्वीही नोंदले गेले होते. २००१ मध्ये टर्की पक्ष्याच्या मांसाच्या गंधद्रव्यांवरील एका अभ्यासात ते आढळते. परंतु असे का होते आणि कोणत्या द्रव्यांच्या बाबतीत होईल, याचा पद्धतशीर उलगडा झाला नव्हता. प्सिलाकिस यांचे वैशिष्ट्य या उलगड्यात आहे.

प्रथमदर्शनी असे वाटते की निर्वातामुळे जास्त बाष्प तयार होत असेल. वस्तुतः अखेरच्या समतोलावस्थेत तंतूवर किती द्रव्य जमेल, हे हवेच्या एकूण दाबावर जवळपास अवलंबून नसते. बदलतो तो वेग. पाण्यातून निघालेल्या रेणूला पाण्यालगतचा हवेचा पातळ थर ओलांडावा लागतो. तेथे नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंची दाटी असते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. वायूतील विसरणाचा गुणांक एकूण दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हवा काढली की गर्दी ओसरते आणि रेणू त्वरेने वर येतात.

हा लाभ सर्व द्रव्यांना सारखा मिळत नाही, हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष. पाणी व हवा यांत द्रव्याची वाटणी कशी होते, हे हेन्री यांच्या नियमातील स्थिरांकावरून कळते. स्थिरांक मोठा असलेली, म्हणजे सहज उडणारी द्रव्ये आधीच वेगाने बाहेर पडतात व त्यांच्या मार्गातील मुख्य अडथळा पाण्याच्या बाजूला असतो. हवा काढल्याने त्यांना फारसा फरक पडत नाही. स्थिरांक फार लहान असलेल्या द्रव्यांचा अडथळा मात्र हवेच्या बाजूला असतो, आणि निर्वात नेमका तोच दूर करतो. त्यामुळे कोणत्या प्रदूषकासाठी निर्वात वापरणे सार्थ ठरेल, हे हेन्री स्थिरांकाची कोष्टके पाहून प्रयोगापूर्वीच सांगता येऊ लागले. चाचपडत करायच्या प्रयोगांची जागा अशा रीतीने अंदाजाने घेतली, हा लहानसहान लाभ नव्हे.

सुरुवातीचे प्रयोग मोठ्या काचपात्रांत झाले. त्यांत हवा आधी काढून मग नमुना सोडला जाई, म्हणजे पंपाबरोबर प्रदूषके निघून जात नसत. पुढे वीस-बावीस मिलिलीटरच्या साध्या कुप्या व त्यांना हवाबंद बसणारी विशेष झाकणे वापरली जाऊ लागली, तेव्हा पद्धत इतर प्रयोगशाळांच्या आवाक्यात आली. घन नमुन्यांतील बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांसाठीही तिचा वापर झाला. बेल्जियममधील जॉर्जिया पुर्कारो यांच्या गटासह प्सिलाकिस यांनी २०२० मध्ये उच्च प्रतीच्या ऑलिव्ह तेलाच्या गंधद्रव्यांवर निर्वाताचा परिणाम तपासला. ऑलिव्हच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर विकसित झालेल्या पद्धतीचा हा उपयोग औचित्यपूर्णच म्हटला पाहिजे. नमुना फारसा न तापवता व कमी वेळात काम होत असल्याने ऊर्जा वाचते, विद्रावक शून्य राहतो आणि कठीण द्रव्यांच्या बाबतीत संवेदनशीलताही वाढते. हरित पद्धत म्हणजे अचूकतेशी तडजोड, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

दहा तत्त्वे

'नमुना-सिद्धता टाळावी' हे २०१३ चे तत्त्व ऐकावयास सोपे असले तरी आचरणात अवघड आहे. सांडपाणी, रक्त, माती, अन्न यांसारखे गुंतागुंतीचे नमुने थेट यंत्रात घालता येत नाहीत, आणि अतिसूक्ष्म प्रमाणातील द्रव्य आधी एकवटल्याशिवाय दिसत नाही. जो टप्पा टाळताच येत नाही त्याला दोषी ठरवण्यापेक्षा तो सुधारावा, ही भूमिका २०२२ च्या निबंधात घेतली गेली. त्याचे लेखक आन्हेला लोपेस-लोरेन्ते, फ्रान्सिस्को पेना-पेरेइरा, स्टिग पेडरसन-ब्येरगार्ड, व्हानिया झुइन, सिबेल ओझ्कान व प्सिलाकिस हे होत. सहांपैकी चौघी स्त्रिया आहेत.

त्यांनी मांडलेली तत्त्वे थोडक्यात अशी : नमुना जेथे आहे तेथेच सिद्ध करण्यास प्राधान्य द्यावे, सुरक्षित विद्रावके व अभिकारके वापरावीत, साहित्य टिकाऊ, पुनर्वापरयोग्य व नवीकरणक्षम असावे, टाकाऊ द्रव्ये कमीत कमी निर्माण व्हावीत, नमुना, रसायने व साहित्य यांचे प्रमाण घटवावे, ठरावीक वेळात जास्तीत जास्त नमुने हाताळावेत, टप्पे एकत्र करून स्वयंचलन वाढवावे, ऊर्जा वाचवावी, सिद्धतेनंतरच्या मोजमापासाठी शक्य तितकी हरित यंत्रणा निवडावी, आणि काम करणाऱ्याची सुरक्षितता राखावी. ही तत्त्वे परस्परांत गुंफलेली आहेत. आकारमान लहान केले की टाकाऊ द्रव्य आपोआप घटते व हाताळणाऱ्याचा धोकाही कमी होतो. दहावे तत्त्व यादीत शेवटी असले तरी प्रयोगशाळेत दिवसभर विद्रावकांची वाफ श्वासावाटे घेणाऱ्या साहाय्यकाच्या दृष्टीने तेच पहिले ठरावे.

मापनाचे साधन

तत्त्वे सांगणे वेगळे आणि एखादी पद्धत त्यांना कितपत उतरते हे ठरवणे वेगळे. व्होइचेह व्होइनोव्स्की, मारेक टोबिशेव्स्की व पेना-पेरेइरा यांच्यासह प्सिलाकिस यांनी २०२२ मध्येच 'ॲग्रीप्रेप' हे संगणकीय साधन सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध केले. दहा तत्त्वांशी निगडित दहा निकषांवर शून्य ते एक यांदरम्यान गुण दिले जातात, निकषांना कमीअधिक भार देता येतो आणि निष्कर्ष तांबड्यापासून हिरव्यापर्यंतच्या रंगांतील वर्तुळाकार चित्राने दिसतो. एक हा सर्वोत्तम गुण. भार बदलल्यास अंतिम गुण बदलतो, त्यामुळे दोन अभ्यासकांच्या आकड्यांची तुलना करताना दोघांनी कोणते भार धरले हे पाहणे आवश्यक असते. ही मर्यादा अशा सर्वच गुणांकनांना लागू आहे.

प्रमाणित पद्धतींची तपासणी

या साधनाचा सर्वांत परिणामकारक वापर अधिकृत पद्धतींवर झाला. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आयुपॅकने, हाती घेतलेल्या एका प्रकल्पात आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटना, युरोपीय मानकीकरण समिती व औषधकोश यांतील १७४ प्रमाणित पद्धती आणि त्यांचे ३३२ उपप्रकार तपासण्यात आले. त्यांपैकी ६७ टक्के पद्धतींना ०.२ पेक्षाही कमी गुण मिळाले.

या आकड्याचे गांभीर्य असे की प्रमाणित पद्धत ही ऐच्छिक बाब नसते. पाणी पिण्यायोग्य आहे, औषध शुद्ध आहे, निर्यातीचा माल नियमांत बसतो, हे कायद्यासमोर सिद्ध करायचे तर प्रयोगशाळेला ठरवून दिलेलीच कृती करावी लागते. नवी, विद्रावकरहित पद्धत हाताशी असूनही ती वापरल्यास अहवाल ग्राह्य धरला जाईल याची शाश्वती नसते. शोधनिबंधांत वर्षानुवर्षे सूक्ष्म-निष्कर्षणाचा बोलबाला असतानाही नेहमीच्या प्रयोगशाळांत नरसाळे व सॉक्सलेट का टिकून आहेत, याचे एक मोठे कारण येथे आहे. नियामक संस्थांनी आपल्या पद्धतींचे पर्यावरणीय मूल्यमापन करावे, कमी गुणांच्या पद्धती टप्प्याटप्प्याने बाद करण्याच्या मुदती जाहीर कराव्यात आणि लवकर बदलणाऱ्या प्रयोगशाळांना आर्थिक सवलती द्याव्यात, अशी प्सिलाकिस यांची भूमिका आहे.

चक्रीय वैश्लेषिक रसायनशास्त्र

पेना-पेरेइरा यांच्यासह २०२४ मध्ये लिहिलेल्या निबंधात प्सिलाकिस यांनी चक्रीय वैश्लेषिक रसायनशास्त्राची बारा उद्दिष्टे मांडली. घ्या, वापरा व फेका या सरळ रेषेऐवजी साहित्य पुन्हा वापरात यावे, हा त्यांचा गाभा. चक्रीयता आणि शाश्वतता हे शब्द समानार्थी नाहीत, असे त्या आवर्जून सांगतात : शाश्वततेत पर्यावरण, अर्थकारण व समाज हे तिन्ही येतात, तर चक्रीयतेत सामाजिक अंग बहुधा मागे पडते.

हरित पद्धतींच्या उलट परिणामाकडेही त्यांनी लक्ष वेधले आहे. एखादी सूक्ष्म-पद्धत स्वस्त व सोपी झाली की प्रयोगशाळा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक चाचण्या करू लागतात, आणि प्रत्येक चाचणीत वाचलेला विद्रावक एकूण हिशेबात पुन्हा खर्च होतो. स्वयंचलित यंत्राच्या बाबतीत हे विशेष घडते; यंत्र करू शकते एवढ्याच कारणाने अनावश्यक नमुने तपासले जातात. त्यावर त्यांनी सुचवलेले उपाय साधे आहेत : चाचण्यांची गरज आधी ठरवणे, एकच चाचणी पुन्हा होऊ नये म्हणून आकडेवारीचा आधार घेणे आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना या परिणामाची जाणीव करून देणे.